नेहरू प्लेस : संगणकाचा बाजार आणि त्याची बोली

दक्षिण दिल्लीत कालकाजीजवळ, आउटर रिंग रोडला लागून नेहरू प्लेस आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट आणि बंगळूरमध्ये एस. पी. रोडचे जे स्थान, ते उत्तर भारतात या चौकाचे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीस-पंचवीस वर्षे दिल्लीतले, शिवाय हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि पश्चिम उत्तर प्रदेशातले लोक आपला पहिला संगणक घ्यायला इथे येत. काउंटरपाशी उभे राहिल्यावर बहुतेकांची अडचण एकच असे : दुकानदार बोलतो ते शब्द कळत नाहीत. इंग्रजी येणाऱ्यांचीही यातून सुटका नव्हती. ‘कॅशे’, ‘बस’, ‘पोर्ट’, ‘ड्राइव्ह’ हे शब्द शाळेच्या इंग्रजीत होते, पण त्यांचे इथले अर्थ तिथे नव्हते. हे शब्द न कळण्याची किंमत रुपयांत मोजावी लागे, म्हणून या बाजाराचा इतिहास त्याच्या बोलीपासून वेगळा काढता येत नाही.

हा चौक संगणकासाठी बांधला गेला नव्हता. कॅनॉट प्लेस आणि जुन्या दिल्लीवरचा व्यापाराचा ताण कमी व्हावा म्हणून १९६२ च्या बृहत् आराखड्याने शहरभर जिल्हा केंद्रे उभारण्याची योजना मांडली. भिकाजी कामा प्लेस, राजेंद्र प्लेस, जनकपुरी आणि नेहरू प्लेस ही त्याच योजनेची फळे. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९७० च्या दशकात आणि १९८० च्या आरंभी नेहरू प्लेस उभे केले. मधोमध फक्त पायी चालणाऱ्यांसाठी लांबलचक फरसबंद चौक, दोन्ही बाजूंना चार मजली इमारती आणि त्यांच्या मागे उंच मनोरे अशी त्याची रचना होती. वरच्या मजल्यांवर कंपन्यांची कार्यालये असावीत आणि तळमजल्यावर दुकाने, हा हिशेब. कापडाची दुकाने इथे पुष्कळ होती आणि अजूनही आहेत.

त्या काळात संगणक ही दुकानात मिळणारी वस्तूच नव्हती. रेल्वे, बँका, विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि मोठे कारखाने तो घेत, वातानुकूलित खोलीत ठेवत आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसे नेमत. पंच कार्ड, टेप, कोबोल, फोरट्रान हे शब्द त्या खोलीतच राहत. बाहेरच्या माणसाशी त्यांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार गुंडाळला. त्याच्या दोन वर्षे आधी दिल्लीत डीसीएम या कंपनीतून बाहेर पडलेल्या शिव नाडर, अर्जुन मल्होत्रा, अजय चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, काम सुरू करून हिंदुस्तान कॉम्प्युटर्स, म्हणजे एचसीएल, स्थापन केली होती. या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता पुढे नेहरू प्लेसमधल्या ‘सिद्धार्थ’ इमारतीत होता. १९७६ मध्येच केंद्र सरकारचे नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर दिल्लीत सुरू झाले. संगणक विकणारे, विकत घेणारे आणि त्यांना परवाने देणारे असे तिघेही एकाच शहरात आले. नेहरू प्लेसच्या पूर्वेला ओखल्याची औद्योगिक वसाहत होती. बाजार जमायला एवढी सामग्री पुरेशी होती.

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. संगणक आणि त्याचे सुटे भाग यांवरची आयात बंधने सैल झाली, जकात खाली आली आणि खासगी उत्पादकांना वाट मोकळी झाली. याच सुमारास जगभर आयबीएम पीसीच्या धर्तीवरची यंत्रे रूढ झाली होती. त्यांचा विशेष असा की कोणत्याही कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या भागाला जोडता येई. कारखान्याची गरज उरली नाही. टेबल, स्क्रू ड्रायव्हर आणि भागांची माहिती असली की संगणक तयार होई. टीकाकारांनी याला स्क्रू ड्रायव्हर तंत्रज्ञान म्हटले. ते तुच्छतेने म्हटले गेले, पण सर्वसामान्य घरांत संगणक पोहोचला तो बराचसा याच मार्गाने. नेहरू प्लेसमधली लहान दुकाने, गाळे आणि इमारतींच्या जिन्याखालची टेबले या जुळणीवर जगू लागली.

इथून ‘असेंबल्ड’ आणि ‘ब्रँडेड’ या दोन जाती ठरल्या. ब्रँडेड यंत्र म्हणजे कंपनीचे नाव आणि कंपनीची हमी असलेले. असेंबल्ड म्हणजे दुकानदाराने भाग निवडून जोडलेले आणि पुष्कळ स्वस्त. असेंबल्ड घेणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कॉन्फिगरेशन’चा विचारला जाई. प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड कोणता, रॅम किती, हार्ड डिस्क किती, मॉनिटर किती इंची, कॅबिनेट कोणते, एसएमपीएस किती वॅटचा. दुकानदाराकडे एक पानी रेट लिस्ट असे. तिच्यावर ओळीने फक्त संक्षेप आणि आकडे. भाव डॉलरवर आणि तैवान-सिंगापूरच्या मालावर चालत असल्याने हे पान वारंवार बदले. जाणकार गिऱ्हाईक ते पान घेऊन चार दुकाने फिरे. नवखे गिऱ्हाईक ओळखीच्या कुणाला तरी बरोबर आणे. इंजिनीअरिंगला असलेला भाचा किंवा बँकेतल्या संगणक विभागातला शेजारी अशा वेळी घरात मोठा मान मिळवून जाई.

शब्दांमागे नेमके काय दडले होते ते पाहिल्यावर गोंधळ किती साहजिक होता हे कळते. ३८६ या प्रोसेसरचे डीएक्स आणि एसएक्स असे दोन प्रकार होते. एसएक्स आतून ३२ बिटांचा, पण बाहेरच्या भागांशी १६ बिटांनी बोलणारा, म्हणून स्वस्त आणि मंद. पुढे ४८६ आला, त्यालाही डीएक्स आणि एसएक्स ही नावे दिली गेली, मात्र या वेळी अर्थ बदलला होता. ४८६ एसएक्समध्ये गणिती आकडेमोड करणारा को-प्रोसेसर चालू नव्हता. म्हणजे ज्याने कष्टाने एका पिढीची अक्षरे शिकून घेतली, त्याला दुसऱ्या पिढीत ती उपयोगाची राहिली नाहीत. १९९३ मध्ये इंटेलने आकडा सोडून ‘पेंटियम’ हे नाव घेतले, कारण नुसत्या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नव्हता. मग मेगाहर्ट्झ हेच लोकांचे माप झाले. तेही फसवे निघाले. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनचा वेग २६६ मेगाहर्ट्झ होता, पण त्यात दुसऱ्या पातळीची कॅशे, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारी वेगवान स्मृतीच नव्हती, त्यामुळे कागदावरचा वेग कामात उतरत नसे. एएमडीच्या ॲथलॉन एक्सपी २००० प्लसमध्ये २००० हा आकडा वेगाचा नव्हताच. त्याचा खरा वेग १.६७ गिगाहर्ट्झ होता आणि नावातला आकडा इतर प्रोसेसरांशी केलेली तुलना सांगत होता.

मॉनिटरचा इंच आणि डिस्कचा गिगाबाइट यांचेही असेच होते. काचेच्या नळीचा १५ इंची मॉनिटर म्हणजे नळीचा पूर्ण कर्ण. कडा प्लास्टिकच्या चौकटीत झाकल्या जात आणि दिसणारा पडदा १३.८ इंचांच्या आसपास भरे. हार्ड डिस्क बनवणारे गिगाबाइट दशमान पद्धतीने मोजत, म्हणजे १०० कोटी बाइटांचा; विंडोज तोच गिगाबाइट १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा धरे. म्हणून ४० गिगाबाइटची डिस्क पडद्यावर ३७ ची दिसे आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला परत येई. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे चुकत नव्हते, आणि दुकानदाराचेही नव्हते. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्रज्ञान आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये दुसऱ्या मापासाठी ‘गिबिबाइट’ असे वेगळे नाव दिले, ते बाजारात कुणी उच्चारले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तर काही ४८६ मदरबोर्डांवर कॅशेच्या जागी निव्वळ पोकळ प्लास्टिकचे तुकडे बसवलेले जगभर सापडले. अशी लबाडी चालली, कारण कॅशे म्हणजे काय हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि ती नसली तरी यंत्र चालू होत होते.

बोलीचा दुसरा थर व्यवहाराचा होता. ‘बिल के साथ’ आणि ‘बिना बिल’ असे दोन भाव सांगितले जात. बिनबिलाचा माल बहुधा जकात चुकवून आलेला असे. व्यापारी भाषेत त्याला ग्रे मार्केट म्हणत. प्रोसेसर आणि रॅम यांचा आकार लहान आणि किंमत मोठी, त्यामुळे ते आणणे सोपे होते. मग ‘कंपनी वॉरंटी’ आणि ‘सेलर वॉरंटी’ हा फरक येई. दुसरीत हमी फक्त दुकानदाराच्या शब्दाची. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल दाद मागण्याचा हक्क दिला होता, पण बिल नसल्यावर तो चालवणे अवघड होई. स्वस्त घेतलेल्या हजार-दोन हजारांच्या बदल्यात आपण काय सोडून दिले हे अनेकांना भाग बिघडल्यावर कळे. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली, पुढे २००५ पर्यंत अशा मालावरची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली आणि चोरट्या मालाचा फायदा आटत गेला.

शब्द शिकवण्याचे काम मुख्यतः खासगी वर्गांनी आणि मासिकांनी केले. सरकारचा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. १९८४ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू करून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. पण त्या यंत्राचा आणि बाजारात मिळणाऱ्या पीसीचा मेळ नव्हता. शाळेत शिकलेले दुकानात कामी येईना. दिल्ली आयआयटीतून बाहेर पडलेल्या राजेंद्र पवार, विजय थडानी आणि पी. राजेंद्रन यांनी १९८१ मध्ये एनआयआयटी काढली. तिचे वर्ग देशभर पसरले आणि मध्यमवर्गीय घरांत ‘कॉम्प्युटर कोर्स’ हा शब्द टायपिंगच्या वर्गाच्या जागी आला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने खासगी वर्गांचा दर्जा ठरावा म्हणून १९९० मध्ये डोएक योजना आणली आणि ‘ओ लेव्हल’, ‘ए लेव्हल’ अशा परीक्षा ठरवल्या. महाराष्ट्रात हे काम पुढे २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने केले. मासिकांत दिल्लीच्या सायबर मीडियाचे ‘डेटाक्वेस्ट’ १९८२ चे आणि ‘पीसीक्वेस्ट’ १९८७ चे. भागांची चाचणी घेऊन, कोणता आकडा कामाचा आणि कोणता नुसता जाहिरातीचा, हे पीसीक्वेस्ट सांगत असे. भारतीय भाषांत मात्र इतक्या बारकाईने लिहिणारे फार थोडे होते. इंग्रजी न येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याचा फटका सर्वांत जास्त बसला, आणि ही उणीव भरून काढण्याची सवड त्या काळच्या प्रकाशकांपाशी असायला हवी होती.

शब्द तयार करणारी अधिकृत संस्था नेहरू प्लेसपासून काही किलोमीटरवर, रामकृष्णपुरममध्ये होती. २७ एप्रिल १९६० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर १९६१ रोजी वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी त्याचे पहिले अध्यक्ष. संस्कृत धातूंवरून सर्व शास्त्रांची परिभाषा घडवणारे डॉ. रघुवीर यांचे काम त्याआधी नागपुरात आणि नंतर दिल्लीत चालले होते. आयोगाने त्यांच्यापेक्षा मधला मार्ग धरला. मूलद्रव्ये, मापे आणि व्यक्तिनामांवरून आलेल्या संज्ञा जशाच्या तशा ठेवायच्या आणि संकल्पनांना भारतीय शब्द द्यायचे, असे त्याचे सूत्र होते. कॉम्प्युटरला हिंदीत अभिकलित्र, पुढे संगणक, कीबोर्डला कुंजीपटल हे शब्द त्यातून आले. संगणक टिकला, मराठीतही रुळला. बाकीचे पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी फलकांवर राहिले. आयोगाचे काम वाया गेले असे यावरून म्हणता येत नाही. ते विद्यार्थ्यासाठी होते, आणि संकल्पना समजावताना ते उपयोगी पडतेच. पण दुकानातला शब्द खोक्यावर छापलेल्या शब्दाशी जुळावा लागतो, नाहीतर भाग बदलून मागता येत नाही. बाजाराची बोली इंग्रजी संक्षेपांची राहिली याचे कारण एवढेच आहे.

देवनागरीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक कोडे होते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सर्व भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे संकेतन प्रमाण केले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान या कामाचा कणा होते. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या, दुकानांनी मात्र टंकलेखन यंत्राच्या सवयीचे फॉन्ट घेतले. दिल्लीत कृतिदेव चाले, महाराष्ट्रात श्रीलिपी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग दिसे. लोक म्हणत की फाइल खराब झाली. फाइल शाबूत असे, फक्त तो फॉन्ट तिथे नसे. विंडोज २००० मध्ये युनिकोड, म्हणजे फॉन्ट कोणताही असो प्रत्येक अक्षराला एकच संकेत देणारी पद्धत, देवनागरीसाठी आली आणि तिच्यासह मंगल फॉन्ट आला तेव्हापासून ही गाठ हळूहळू सुटू लागली, पण जुन्या मजकुराचे रूपांतर करून देण्याचा धंदा नंतरही पुष्कळ वर्षे चालला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि शब्दांची नवी लाट आली. अर्जातच विचारले जाई : शेल अकाउंट हवे की टीसीपी/आयपी? शेल म्हणजे पडद्यावर फक्त अक्षरे; टीसीपी/आयपी म्हणजे चित्रांसकट सगळे, पण कितीतरी महाग. नेहरू प्लेसमध्ये मॉडेम विकले जाऊ लागले. ५६ केचा मॉडेम म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट. गिऱ्हाईक ते किलोबाइट समजे. बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून उत्तम परिस्थितीतही वेग सात किलोबाइट पडे आणि एक मेगाबाइटची फाइल उतरायला सुमारे अडीच मिनिटे लागत. टेलिफोनची तार जुनी असली तर आणखी जास्त. बिट आणि बाइट यांचा हा गोंधळ आजच्या ब्रॉडबँडच्या जाहिरातींतही तसाच आहे.

या सगळ्या शिकण्या-शिकवण्याबद्दलचा सर्वांत लक्षणीय पुरावा नेहरू प्लेसपासून जवळच मिळाला. कालकाजीत एनआयआयटीच्या कार्यालयाची भिंत एका झोपडवस्तीला लागून होती. तिथले शास्त्रज्ञ सुगत मित्र यांनी जानेवारी १९९९ मध्ये त्या भिंतीला भोक पाडून इंटरनेट जोडलेला संगणक वस्तीच्या बाजूला तोंड करून बसवला आणि कुणालाही काही शिकवले नाही. वस्तीतल्या मुलांना इंग्रजी येत नव्हते, पडद्यावरचे सारे इंग्रजीत होते. थोड्याच दिवसांत मुले चित्रे काढू लागली, खिडक्या उघडू-मिटू लागली, एकमेकांना दाखवू लागली. शब्दांवाचून त्यांचे अडले नाही, कारण त्यांनी आपले शब्द केले. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणत आणि काम चालू असल्याची खूण असलेल्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. आकार पाहून ठेवलेली ही नावे इतकी चपखल आहेत की कोणत्याही समितीने त्यांचा हेवा करावा. मित्र यांच्या निष्कर्षांवर नंतर आक्षेप घेतले गेले : मुले यंत्र हाताळायला शिकतात, पण त्यापुढचे शिकायला शिक्षक लागतोच, असे अनेक शिक्षणतज्ज्ञांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. मात्र परिभाषा आधी आणि वापर नंतर हा क्रम आवश्यक नाही, एवढे त्या भिंतीने दाखवून दिले.

राज्यसंस्थेलाही या शब्दांचे अर्थ ठरवावे लागले. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला; त्याच्या दुसऱ्या कलमात संगणक, संगणक प्रणाली, संगणक जाळे, डेटा यांच्या व्याख्या कराव्या लागल्या. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की नुसते ज्ञान, हा प्रश्न विक्रीकरामुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की डिस्कवर भरून विकलेले तयार सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे. नेहरू प्लेसच्या चौकात तेव्हा ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द दबक्या आवाजात, चालता चालता कानाशी पुटपुटला जाई. नकली सीडी विकणाऱ्यांची ती खूण होती. १९९४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अशा प्रतींच्या जाणीवपूर्वक वापरालाही शिक्षा आली होती. छापे पडत, फेरीवाले पांगत आणि पुन्हा येत. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचे नाव घातले.

३ ऑक्टोबर २०१० रोजी मेट्रोचे स्थानक सुरू झाले आणि चौकात येणे सोपे झाले, पण तोवर धंद्याचे रूप पालटू लागले होते. लॅपटॉपमध्ये भाग निवडून जोडण्याची सोय नाही. तो बंद खोक्यात येतो. ऑनलाइन विक्रीने रेट लिस्टची मक्तेदारी संपवली, कारण भाव आणि चाचण्या घरबसल्या दिसू लागल्या. जुळणीचे काम खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी ताकदवान यंत्र हवे असणाऱ्यांपुरते उरले. दुरुस्ती, सुटे भाग आणि वापरलेले लॅपटॉप यांवर आता पुष्कळ गाळे चालतात.

जुन्या लॅपटॉपच्या सौद्यात हल्ली ‘जनरेशन’ हा शब्द किंमत ठरवतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने इंटेलच्या, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक केली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार संपला. त्यामुळे ‘आय फाइव्ह’ असे सारखेच नाव असलेल्या दोन लॅपटॉपांपैकी सातव्या पिढीचा आणि आठव्या पिढीचा यांत मोठे अंतर पडले आहे. ते अंतर प्रोसेसरच्या क्रमांकातल्या पहिल्या आकड्यावरून कळते : ७२०० हा क्रमांक असलेले नाव सातव्या पिढीचे, ८२५० चे आठव्या. घेणाऱ्याने हा क्रमांक खोक्यावरून किंवा स्टिकरवरून न घेता यंत्र चालू करून ‘सिस्टिम’च्या माहितीत पाहायचा असतो.